मुख्य वाक्य नसलेलं गाणं

एप्रिल उजाडला की माझा स्वभाव बिघडतो. घरातले लोक त्याचा दोष उन्हाला देतात. ऊन बिचारं दरवर्षी येतं तसं येतं. माझं डोकं फिरतं ते परीक्षेनं. चिंचवडला टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझा जर्मनचा वर्ग आहे. एरवी निम्मी बाकं रिकामी असतात, पण परीक्षा तोंडावर आली की कुठून कुठून माणसं उगवतात. नर्सिंग केलेल्या मुली, हिंजवडीहून ट्रॅफिकला शिव्या घालत येणारे आयटीवाले, शिफ्ट संपवून तसेच गणवेशात आलेले चाकणचे फिटर. खाली हवा भरायच्या मशीनची धडधड, वर पंख्याची खरखर, आणि मध्ये मी ओरडून सांगते आहे की जर्मनमध्ये टेबल पुल्लिंगी असतं. ‘का?’ असं कोणीतरी विचारतंच. मला माहीत नाही का. इतकी वर्षं शिकवते आहे, मला अजून कळलेलं नाही, आणि दर एप्रिलमध्ये मला हे कबूल करावं लागतं.

यंदा त्यात भर म्हणून मित्रा साळवे पुन्हा माझ्या वर्गात येऊन बसली आहे.

मित्रा म्हणजे संघमित्रा. पिंपरीतल्या खराळवाडीची. ती जर्मन भाषेत गाणी लिहिते, त्यांना स्वतःच चाली लावते आणि गिटार घेऊन एकटी गाते. तिच्यामागे कुठली मोठी कंपनी नाही. जर्मनीतल्या लहान लहान शहरांत, पुस्तकांच्या दुकानात, कॉफीच्या हॉटेलात, जुन्या गोदामाचा हॉल केलेला असतो तिथे ती गाते. लोक तिकीट काढून येतात आणि खुर्चीवर गप्प बसून ऐकतात. आणि आता तिथे जास्त काळ राहायचं म्हटल्यावर तिथल्या कचेरीनं तिला सांगितलं की जर्मन येत असल्याचा दाखला आणा. ती म्हणाली, मी तुमच्याच भाषेत गाते. ते म्हणाले, छान, पण दाखला? तो तिच्याकडे नाही, कारण या परीक्षेत ती नापास झाली होती. माझ्याच वर्गातून.

नर्सिंगच्या मुलींनी पहिल्या दिवशी तिच्याबरोबर फोटो काढून घेतले. त्यातली एक मला म्हणाली, “मॅडम, यांना तुम्ही काय शिकवणार?”

“पत्रलेखन,” मी म्हणाले.

मित्रा हसली. मी हसले नाही.

ती पहिल्यांदा आली तेव्हा चाकणला एका जर्मन कंपनीत स्टोअरमध्ये कामाला होती. कंपनीनं सांगितलं होतं, भाषा शिकलीस तर दुभाषी म्हणून घेऊ. शिकायला ती फार पटाईत निघाली. एखादा शब्द एकदा ऐकला की तो तिच्या तोंडून तसाच्या तसा यायचा, घशातल्या खरखरीसकट. बघता बघता ती खरंच दुभाषी झाली. जर्मन इंजिनिअर आणि आपले फिटर यांच्यामध्ये उभी राहून दोघांचा राग एकमेकांपर्यंत पोचण्याआधी अर्धा करून टाकायची. मी खूश होते. पुढची परीक्षा पास झाली की कंपनी तिला ट्रेनिंगसाठी जर्मनीला पाठवणार होती. माझ्या वर्गातून असं जाणारी ती पहिलीच, म्हणून मी आमच्या सोसायटीत आधीच सांगून ठेवलं होतं.

मग आम्ही ‘कारण’ शिकलो.

जर्मनमध्ये ‘कारण’ असं म्हणून वाक्य सुरू केलं की क्रियापद उचलून पार शेवटी टाकावं लागतं. दर वर्षी या धड्याला वर्गात उसासे पडतात. मित्रा मात्र म्हणाली, “मॅडम, हे तर आपलंच आहे. आपणही क्रियापद शेवटीच टाकतो.” खरंच होतं. मी गृहपाठ दिला, ‘कारण’ वापरून वाक्यं लिहून आणा. बाकी सगळ्यांनी नेहमीचीच आणली: मी आलो नाही, कारण मी आजारी आहे. मी आलो नाही, कारण बस चुकली. मित्रानं आणलं ते असं होतं:

कारण घण वरून खाली पडतो. कारण कापसाला सगळंच अडवता येत नाही. कारण पेटी वाजते आहे हे त्याला भात्याकडे बघून कळतं. कारण सगळे हसून झाल्यावर तो हसतो.

“मुख्य वाक्य कुठे आहे?” मी विचारलं.

“नाहीये.”

“नाहीये म्हणजे? कारण आहे, तर कशाचं?”

“ज्याला कळायचं त्याला कळेल ना, मॅडम.”

व्याकरणात असं चालत नाही. मी सांगितलं. तिनं मान हलवली, आणि वर्ग सुटल्यावर जिन्यात चपला घालताना तीच वाक्यं गुणगुणताना मी तिला ऐकलं. गृहपाठ म्हणून जे माझ्यापुढे ठेवलं होतं ते गाणं होतं, हे मला तिथे कळलं, आणि राग आला. गाणं गुणगुणण्यासारखं होतं म्हणून जास्तच आला.

त्या गाण्यात आणखी एक चूक होती. जर्मनमध्ये हार्मोनियम नपुंसकलिंगी आहे. मित्रा ती स्त्रीलिंगी गात होती. मी दुरुस्त केलं, तिनं पुन्हा तसंच म्हटलं. मी पुन्हा दुरुस्त केलं.

“मॅडम, ती पेटी आहे,” मित्रा शांतपणे म्हणाली. “आमच्या घरात ‘ती’ होती. तिला ‘ते’ कसं म्हणू?”

मी तिसऱ्यांदा दुरुस्त केलं.

पेटी खरंच घरात होती. मित्राचे वडील, साळवेकाका, मूळचे राजगुरुनगरकडचे. तरुणपणी भोसरीत एका फोर्जिंगच्या कारखान्यात लागले ते निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. लाल तापलेल्या लोखंडावर घण पडतो त्या खात्यात. सुट्टीच्या दिवशी त्यांची गायन पार्टी असायची. जयंतीला, लग्नाला, कुणाच्या घरभरणीला साळवेंची पार्टी ठरलेली. मग हळूहळू कान गेले. कानात कापूस घालायचे, पण त्यानं किती भागणार. आधी सूर सुटायला लागला, मग पेटीवाला एकीकडे आणि हे दुसरीकडे असं व्हायला लागलं, लोक तोंडावर हात धरून हसायला लागले, आणि साळवेकाका बोलावलं तरी जाईनासे झाले. पेटी पुतण्याला देऊन टाकली. कानाचं मशीन आणलं होतं, ते शिट्टी मारतं म्हणून कपाटात गेलं.

हे सगळं मित्रानं मला तुकड्यातुकड्यानं सांगितलं. मी तिला विचारलं होतं की बाई गं, मराठीत का नाही लिहीत? तुझी गाणी इथे ऐकणार कोण?

“मराठीत लिहिलं तर घरात कळेल.”

“मग हिंदीत लिही.”

“मग सगळ्या गल्लीला कळेल.”

म्हणजे आपल्या बापाबद्दल बोलायला तिला अशी भाषा हवी होती जी घरात कोणालाच येत नाही. मी आयुष्यभर लोकांना बजावत आले की भाषा समजण्यासाठी शिका. ही एकटी न समजण्यासाठी शिकली.

त्या एप्रिलमध्ये तिनं माझा जो छळ केला तो आठवला तरी अजून चिडचिड होते. कंपनीच्या बसमध्ये मोशीच्या पुढे जाम लागला की ही खिडकीशी बसून मोबाइलमध्ये तोंड घालून गाणी बांधायची. शेजारच्या बाईनं आईला कळवलं की पोरगी कुणाशी तरी गुलूगुलू बोलत असते, लक्ष ठेवा. जुनी गिटार आणली. बोटांना फोड आले म्हणून निबंध लिहिला नाही, हे कारण मला तोंड वर करून सांगितलं. जयंतीसाठी मंडळाची पोरं घरी आली. “ताई, काकांची लेक म्हणून एक तरी गाणं म्हणा,” म्हणाली. ही म्हणाली, म्हणते, पण जर्मनमधलं. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांचा म्होरक्या बराच विचार करून म्हणाला, “चालंल ताई, पण डीजेवर बसलं पाहिजे.” ते डीजेवर बसण्यातलं नव्हतं. ती गायली नाही. मंडळ नाराज झालं, आई नाराज झाली, आणि परीक्षा आठवड्यावर आली.

कंपनीत त्या वेळी उवे नावाचा एक म्हातारा इंजिनिअर आला होता, पेंट शॉपमध्ये नवीन मशीन बसवायला. त्यानं कँटीनमध्ये तिचं गाणं ऐकलं. मला वाटलं, हा तरी जर्मन आहे, हा सांगेल तिला व्याकरण. मित्रा दुसऱ्या दिवशी वर्गात आली ती हसतच.

“उवे म्हणाले, पेटी स्त्रीलिंगीच ठेव. मुख्य वाक्य तर अजिबात घालू नको.”

माझ्या इतक्या वर्षांच्या मेहनतीवर एका जर्मन माणसानं कँटीनमध्ये वरणभात खाता खाता पाणी ओतलं होतं. वर त्यानं ते गाणं मोबाइलवर घेऊन लायपझिगला आपल्या मुलीला पाठवलं. मुलगी तिथे एक लहानसा हॉल चालवत होती.

परीक्षेत लेखनाला विषय आला: तुमच्या घरातला हीटर बंद आहे, घरमालकाला तक्रारीचं पत्र लिहा. पिंपरीत रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. परीक्षा काढणाऱ्यांना त्याच्याशी काय देणंघेणं. बाकी सगळ्यांनी मी शिकवल्याप्रमाणे लिहिलं: सन्माननीय घरमालक, खेद वाटतो की, कृपया लवकरात लवकर. मित्रा बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा खुलला होता. तिनं मला पत्र तोंडपाठ म्हणून दाखवलं. कारण खिडकीत कोणी उभं राहत नाही. कारण चहा टेबलावर येईपर्यंत गार होतो. कारण माझे हात आता माझ्याच खिशात राहतात. सबंध पत्र तसंच. हीटर दुरुस्त करा, हे एवढं एक साधं वाक्य त्यात कुठेही नव्हतं.

“अगं, त्या घरमालकानं करायचं काय?” मी विचारलं.

“त्याला थंडी वाजली पाहिजे, मॅडम.”

लेखनात ती नापास झाली. ट्रेनिंगला दुसऱ्या मुलाला पाठवलं. तो माझ्याच वर्गातला, पाठ करून पास झालेला, आणि तिथे जाऊन दुकानात दूध मागता येईना म्हणून मला फोन करायचा.

पुढचं सगळं मोबाइलवर ऐकणाऱ्यांना माहीत आहे, निदान त्यांना तसं वाटतं. लायपझिगच्या त्या हॉलनं तिला बोलावलं. मग दुसऱ्या गावानं, मग तिसऱ्या. तिथेही मनस्ताप कमी नव्हता. एका आयोजकानं विचारलं, साडी नेसून याल का? दुसरा म्हणाला, मागे तबला असता तर लोकांना भारत वाटला असता. मित्रानं त्याला लिहिलं की माझ्या घरात भारत घणाच्या आवाजाचा होता, तो आणू का? त्याला तो विनोद वाटला. तिकडची माणसं कार्यक्रम संपल्यावर तिला इंग्रजीत विचारतात, तुम्हाला जर्मन येतं का? तासभर तेच ऐकलेलं असतं. इकडे तिच्याबद्दल छापून आलं तर ते ‘पिंपरीच्या कन्येचा परदेशात डंका’ असं, आणि खाली फोटो भलत्याच मुलीचा. वाकडमध्ये राहणारा तिचा एक चुलतभाऊ दर भेटीत सांगतो, “जरा हिंदीत ट्राय कर ना, पोटेन्शियल आहे तुझ्यात.” वर्षातले काही महिने ती अजूनही चाकणला दुभाष्याचं काम करते. तिकडच्या गारठ्यातून येते आणि पेंट शॉपच्या उकाड्यात उभी राहून सांगते, हे म्हणतात नट उलटा बसवलाय. मी विचारलं, कंटाळा नाही येत? म्हणाली, तिथे निदान दोन्ही बाजूंना माझी गरज असते.

यंदाच्या वर्गात ती दुसऱ्या बाकावर बसते. परवा मी सराव म्हणून तेच हीटरचं पत्र दिलं. तिनं ते लिहून दिलं. सन्माननीय घरमालक, खेद वाटतो की, कृपया लवकरात लवकर. एकही चूक नव्हती. ती आता पास होईल. मी पूर्ण गुण दिले आणि दिवसभर कोणाशी धड बोलले नाही.

पण या एप्रिलमध्ये मला सारखा आठवतो तो निकालानंतरचा रविवार. ती नापास झाली त्या वर्षीचा.

तिच्या आईनं मला फोन केला होता. “मॅडम, तुमीच या आन् सांगा तिला. आमचं ऐकायची न्हाई.” दुपार कलली होती. खराळवाडीत मेट्रोच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नव्हता. सगळी दारं उन्हानं अर्धी लोटलेली आणि आत कूलर चालू. मी मनात मुद्दे मांडूनच गेले होते. परीक्षेचा अर्ज पुन्हा भर, तोवर गिटार गुंडाळून ठेव. मित्रा भिंतीला टेकून खाली बसली होती. आई स्वयंपाकघरात, भांडी जरा जास्तच जोरात ठेवत होती. साळवेकाका खुर्चीत. अंगानं मोठा माणूस, आणि तळहात असे की कपबशी त्यात बाहुलीची वाटावी.

मी बोलायला सुरुवात केली. थोडं झाल्यावर त्यांनी हात वर केला.

“मॅडम, ते राहू द्या. त्या गाण्यात काय हाय ते सांगा.”

मित्रानं झटकन वर पाहिलं. “बाबा, काही नाहीये त्यात.”

“ज्याच्यापायी जर्मनीला जायचं गेलं, त्यात कायतरी आसंल की. तू सांगायची न्हाईस. मॅडम सांगतील.”

मी मित्राकडे पाहिलं. ती मान हलवत होती, नको म्हणून. मला तिची दया यायला हवी होती. पण महिनाभराचा वैताग साठला होता आणि विचारणारा बाप होता. मी सांगायला लागले. साध्या आवाजात सांगितलं तर त्यांना ऐकू येईना. “आं?” करून ते पुढे वाकले. मी आवाज चढवला. तरी “आं?” मग मी वर्गात ओरडते तशी ओरडले.

“कारण घण वरून खाली पडतो!”

“व्हय,” ते म्हणाले. “पडतो.”

“कारण कापसाला सगळंच अडवता येत नाही!”

समोरच्या घराचं दार उघडलं. तिथली बाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. शेजारचा कूलर बंद झाला, नीट ऐकू यावं म्हणून. मित्रानं ओढणी तोंडावर घेतली. ज्या गल्लीला कळू नये म्हणून ती परक्या भाषेत शिरली होती, त्या गल्लीला मी एकेक ओळ मराठीत ओरडून सांगत होते. मध्येच थांबणं त्याहून वाईट झालं असतं. “कारण पेटी वाजते आहे हे त्याला भात्याकडे बघून कळतं!” स्वयंपाकघरातली भांडी थांबली. “कारण सगळे हसून झाल्यावर तो हसतो!”

झालं. मी घसा साफ केला.

“हे माज्यावर हाय,” साळवेकाका म्हणाले.

मित्रानं ओढणी काढली. डोळे लाल झाले होते. ती त्यांच्या जवळ सरकली आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली, “बाबा, रागावू नका. तुम्ही गाणं सोडलंत, ते मला सहन नाही झालं.”

“कोण म्हनलं सोडलं?”

तिनं त्यांच्या कानाशी नेलेलं तोंड मागे घेतलं.

“पार्टी सोडली,” ते म्हणाले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे मोठ्यानं, त्यामुळे हेही सगळ्यांना ऐकू गेलं. “पेटीवाल्याचे हाल व्हायचे माज्यामुळं. गाणं कशाला सोडू? शॉपमधी आठ-आठ तास गायचो. घण पडायचा त्यात कुनाला काय ऐकू जातंय? मोठ्यानं गायचो. निवृत्त व्हईस्तवर.”

आणि त्यांनी गायला सुरुवात केली. त्यांच्या पार्टीनंच कधीतरी बांधलेलं जयंतीचं गाणं. आवाज अजून खणखणीत होता, पण सूर पहिल्याच ओळीत घसरला आणि घसरतच गेला. समोरची बाई खाली बघायला लागली. मित्रानं पलंगाखालच्या गिटारकडे हात नेला आणि परत घेतला. ऐकू न येणाऱ्याला गिटारनं काय साथ करणार? मलाही कुठे बघावं कळेना.

तेवढ्यात तिची आई पदराला हात पुसत बाहेर आली. सकाळपासून तिनं लेकीशी अक्षर काढलं नव्हतं, माझ्याशीही कामापुरतंच बोलली होती. ती खुर्चीच्या हातावर टेकली, नवऱ्याच्या दंडावर चार बोटं ठेवली आणि ठेका द्यायला लागली. सूर वर हवा तिथे बोटं दाबायची, खाली हवा तिथे उचलायची. तिनं दुसरी ओळ घेतली, अगदी नेमक्या सुरात, आणि साळवेकाका तिच्या बोटांवरून वाट काढत हळूहळू तिथे येऊन पोचले. ठरलेल्या जागी दोघंही थांबली, ठरलेल्या जागी दोघांचे आवाज एकदम चढले. हे त्यांचं आज नवं चाललेलं नव्हतं. लेक चाकणच्या बसमध्ये बसली की या घरात रोज हेच होत असणार, हे मित्राला आणि मला एकदमच कळलं.

कडवं संपलं.

“मला कधी सांगितलं नाहीस,” मित्रा आईला म्हणाली.

“तू इचारलं कदी?” आई म्हणाली, आणि दंडावरचा हात न काढता तिनं पुढचं कडवं घेतलं.